शेवटचे सहा कोर्स

आमच्या विद्यापीठात तिसरे सेमिस्टर संपता संपता एक फॉर्म भरून द्यावा लागतो. आपला मुख्य विषय, म्हणजे मेजर, कोणता हे त्यात लिहायचे असते. फॉर्मवर त्यासाठी तीन ओळी आहेत, आणि त्या तिन्ही भरायच्या असे मी पहिल्या वर्षापासून मनाशी धरून ठेवले होते: गणित, संगणकशास्त्र आणि भाषाविज्ञान. प्रत्यक्षात फॉर्म दिला तेव्हा त्यावर दोनच विषय होते, आणि गळालेला विषय होता संगणकशास्त्र. हे ऐकून ज्यांच्या भुवया उंचावल्या त्या प्रत्येकाला मी थोडे वेगळे उत्तर देत आले आहे. त्यामुळे खरे उत्तर कोणते हे निदान मला तरी कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात अर्थातच एक्सेलच्या तक्त्याने झाली. आमच्याकडे पदवीसाठी ३२ कोर्स लागतात, आठ सेमिस्टरमध्ये दर वेळी चार. त्यांतले दहा सर्वांनाच सक्तीचे आहेत. गणिताच्या मेजरला अकरा, संगणकशास्त्राला बारा आणि भाषाविज्ञानाला अकरा. ही बेरीज ४४ होते. सक्तीच्या दहांपैकी तीन माझ्या विषयांतूनच भागत होते, दोन कोर्स गणित आणि संगणकशास्त्र या दोन्हीकडे धरले जात होते आणि एक संगणकशास्त्र आणि भाषाविज्ञान या दोन्हीकडे. सगळी वजाबाकी करून उरले ३८. बारा कोर्स झालेले होते, म्हणजे पाच सेमिस्टरमध्ये आणखी २६: चार सेमिस्टरमध्ये पाच-पाच आणि एका सेमिस्टरमध्ये सहा. तक्ता भरला, रंग दिले, आणि सगळे चौकोन बसले हे पाहून मला जो आनंद झाला तो परीक्षेत पहिला क्रमांक आल्याच्या आनंदासारखा होता. ज्या दिवशी तक्ता बसला त्याच दिवशी मी निर्णयही घेऊन टाकला होता, असे आता मागे पाहताना वाटते. पुढचे दोन महिने मी त्याची फक्त कारणे गोळा करत होते.

तो तक्ता ‘जमेल का’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता, आणि तेही कागदापुरते. तासांचा हिशेब मी केलाच नव्हता. अमेरिकी विद्यापीठांत एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे कोर्सचे वजन मोजण्याचे एकक) आठवड्याला वर्गातला एक तास आणि वर्गाबाहेरचे किमान दोन तास असे साधारण गणित धरलेले असते, त्यामुळे पंधरा क्रेडिटचे सेमिस्टर म्हणजे आठवड्याला ४५ तासांचे काम. एमआयटी याबाबत अधिक स्पष्ट आहे. तिथे कोर्सची युनिट्स म्हणजेच आठवड्याचे अपेक्षित तास, त्यामुळे नेहमीचा बारा युनिटांचा कोर्स बारा तासांचा आणि चार कोर्स म्हणजे ४८ तास. आमचे कोर्स साधारण त्याच वजनाचे आहेत. सहा कोर्सचे सेमिस्टर म्हणजे ७२ तास, म्हणजे रविवार धरून रोज दहा तासांहून थोडे जास्त, आणि हा अंदाज सगळे सुरळीत चालले तर. गणितातल्या रिअल अ‍ॅनालिसिस या कोर्सचा एखादा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो आणि त्याच्याच खालचा प्रश्न तीन संध्याकाळी खातो. त्या तीन संध्याकाळींसाठी तक्त्यात चौकोन नसतो.

दुसरी अडचण क्रमाची. कोर्स पत्त्यांसारखे हवे तसे पिसता येत नाहीत, कारण त्यांना पूर्वअटी असतात. कॉम्प्युटर आर्किटेक्चर झाल्याशिवाय ऑपरेटिंग सिस्टिम घेता येत नाही, आणि संगणकशास्त्राचा गटप्रकल्प शेवटच्या वर्षीच, सलग दोन सेमिस्टर चालतो. भाषाविज्ञानातला ‘फील्ड मेथड्स’ हा कोर्स वाक्यविन्यास आणि ध्वनिविचार हे दोन्ही झाल्यावरच मिळतो, त्यात प्राधान्य मेजर घेतलेल्यांना असते, आणि तो एक वर्षाआड शिकवला जातो. अशा साखळ्या एकमेकींत गुंतल्या की कागदावर २६ मोकळे वाटणारे चौकोन प्रत्यक्षात जवळजवळ जागच्या जागी खिळलेले निघतात. दोन वर्गांची वेळ एकच आली, एखादे प्राध्यापक वर्षभर रजेवर गेले, किंवा मी स्वतः दोन आठवडे आजारी पडले, तर एक कोर्स नव्हे, एक अख्खे सेमिस्टर पुढे जाणार होते. ज्यांना अनेक मेजर करायचे आहेत त्यांनी बेरजेच्या आधी या साखळ्या कागदावर बाणांनी काढाव्यात असे मी सांगेन. सर्वांत लांब साखळीत किती सेमिस्टर लागतात हे आधी पाहावे, मग एकूण संख्या.

या काळात मी इतर विद्यापीठांचे नियम उगाचच वाचत बसले होते. उगाचच म्हणते, कारण मला त्यांतल्या एकाही ठिकाणी जायचे नव्हते. पण त्या वाचनाने एक गोष्ट ध्यानात आली: ‘दोन विषयांत पदवी’ याचा सर्वमान्य असा अर्थच नाही. प्रिन्स्टनमध्ये दोन मेजर करताच येत नाहीत. एकच विषय घ्यायचा आणि शेवटच्या वर्षी त्यात प्रबंध लिहायचा. हार्वर्डमध्ये पूर्वी दोन विषय जोडायचे असतील तर दोन्हींना जोडणारा एक प्रबंध लिहावा लागे, आणि दोन स्वतंत्र विषय घेण्याची मुभा तिथल्या प्राध्यापकसभेने २०२२ मध्ये दिली. येलमध्ये दोन मेजर चालतात, मात्र दोन्हीकडे मोजले जाणारे कोर्स दोनपेक्षा जास्त नकोत. स्टॅनफर्डला साध्या पदवीसाठी १८० युनिट्स लागतात आणि दोन वेगळ्या पदव्या हव्या असतील तर २२५. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार मुख्य विषयात किमान ५० टक्के क्रेडिट लागतात, आणि दुसरा मेजर पदवीवर यायचा तर त्या विषयात किमान ४० टक्के. म्हणजे तोच विद्यार्थी, तीच पुस्तके, तेवढेच ज्ञान, आणि एका ठिकाणी तो दोन विषयांचा पदवीधर ठरेल, दुसऱ्या ठिकाणी एका विषयाचा. हे कळल्यावर त्या तीन ओळींचा माझ्यावरचा दबाव काहीसा उतरला.

ऑक्सफर्डमधला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हा संयुक्त अभ्यासक्रम १९२० पासून चालू आहे. तीन विषय एकत्र शिकण्याचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण असावे. मी ते माझ्या बाजूचा पुरावा म्हणून वाचायला घेतले, आणि त्यात आढळले की पहिल्या वर्षानंतर तिन्हींपैकी एक विषय सोडून दोनच पुढे नेण्याची सोय तिथे आहे. शिवाय तो अभ्यासक्रम तीन विषय एकत्र बसावेत म्हणून मुद्दाम रचलेला आहे. माझा तक्ता मात्र तीन वेगवेगळ्या विभागांनी एकमेकांना न विचारता केलेल्या मागण्यांची बेरीज होती. प्रत्येक विभाग आपला विद्यार्थी फक्त आपलाच आहे असे धरून सक्तीचे कोर्स ठरवतो, आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

खरी कलाटणी मात्र नियमांनी दिली नाही. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांकडे तक्ता घेऊन गेले तेव्हा त्यांनी तो दोन मिनिटे पाहिला, रंगसंगतीचे कौतुक केले (ते खरे होते की खोचक, हे मला अजून ठरवता आलेले नाही) आणि एकच काम सांगितले. “तीनपैकी एकेक विषय सोडून पाहा, आणि तो सोडल्यावर नेमके कोणते कोर्स तू घेणार नाहीस त्यांची नावे लिहून आण. विषयांची नावे नकोत, कोर्सची नावे.”

हे काम मला क्षुल्लक वाटले होते. प्रत्यक्षात एक संध्याकाळ पुरली, पण ती संध्याकाळ संपेपर्यंत माझा प्रश्नच बदलला होता. तोपर्यंत माझ्या मनात ‘संगणकशास्त्र हवे की नको’ असा प्रश्न होता, आणि अशा प्रश्नाला ‘नको’ म्हणणे म्हणजे एक अख्खे जग नाकारण्यासारखे वाटते. पण संगणकशास्त्राच्या बारा कोर्सपैकी चार मी केलेलेच होते. ते कुणी परत घेणार नव्हते. संगणकीय भाषाविज्ञान भाषाविज्ञानासाठी घ्यायचेच होते. संगणनाचा सिद्धान्त हा कोर्स मी कोणत्याही मेजरशिवायही घेतला असता, कारण कोणते प्रश्न यंत्राला मुळातच सोडवता येत नाहीत हे मला कळून घ्यायचे होते. हे सहा बाजूला काढल्यावर मागे उरले ते असे: कॉम्प्युटर आर्किटेक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आणि दोन सेमिस्टरचा गटप्रकल्प, म्हणजे सहा कोर्स. तीन मेजरसाठी ३२ च्या वर जे सहा कोर्स लागत होते ते नेमके हेच. संगणकशास्त्राच्या नावाखाली मी खरे तर एवढेच विकत घेत होते, आणि त्याची किंमत म्हणून पाचही सेमिस्टरमधला सगळा मोकळा वेळ देत होते.

या सहांना मी कमी लेखत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा कोर्स ज्यांनी केला आहे ते त्याबद्दल, लांबचा प्रवास करून आलेली माणसे बोलतात तसे बोलतात. पण स्वतःला प्रामाणिकपणे विचारले की हा कोर्स मेजरसाठी सक्तीचा नसता तर मी घेतला असता का, तर सहांपैकी फक्त त्या एकाबद्दल ‘कदाचित’ असे उत्तर आले. डेटाबेस आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग सुट्टीतल्या कामात, कुणाच्या तरी हाताखाली, अधिक चांगले शिकता येईल असे मला वाटते. गटप्रकल्पाबद्दल तर मला भीतीच होती, कारण शेवटच्या वर्षी गणिताचा प्रबंध आणि चार जणांच्या वेळापत्रकांची जुळवाजुळव हे दोन्ही एकाच वेळी सांभाळणारे कुणी मला भेटलेले नाही.

मग तेच काम भाषाविज्ञानाबाबत केले. माझे दोन कोर्स झाले होते, नऊ बाकी होते. मेजर नसते तर यांतले कोणते घेतले नसते? एका अपरिचित भाषाकुळातली भाषा दोन सेमिस्टर शिकण्याची अट आहे, ते दोन कोर्स बहुधा घेतले नसते. ऐतिहासिक भाषाविज्ञानाबद्दलही खात्री नव्हती. बाकी सहा मला हवेच होते, आणि त्यांतला फील्ड मेथड्स तर मेजर असल्याशिवाय मिळणे कठीण. या कोर्समध्ये विद्यार्थ्यांना आधी अजिबात माहीत नसलेल्या भाषेचा एक भाषक वर्गात येतो, आणि सेमिस्टरभर त्याला प्रश्न विचारत, त्याची उत्तरे लिहून घेत, त्या भाषेचे ध्वनी, तिची रूपे, तिची वाक्यरचना वर्गाने स्वतः शोधून काढायची असते. पाठ्यपुस्तक नसते, आणि उत्तर मागच्या पानावर नसते. हे घरबसल्या व्हिडिओ पाहून शिकता येत नाही, कारण त्यासाठी तो माणूस समोर लागतो आणि चुका दाखवणारा वर्ग लागतो. संगणकशास्त्रातली सहा नावे आणि भाषाविज्ञानातली तीन नावे शेजारी लिहिली तेव्हा कोणते शेपूट माझ्याने ओढवेल हे लगेच दिसले.

तरीही निर्णयाला तीन आठवडे गेले, आणि त्याचे कारण शैक्षणिक नव्हते. मला ‘तीन मेजर’ हे शब्द आवडत होते. कठीण विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या बहुतेकांची शाळेतली ओळख ‘सगळे जमणारा’ किंवा ‘सगळे जमणारी’ अशी असते. इथे आल्यावर शेजारच्या प्रत्येक खोलीत तसेच कुणीतरी राहते, आणि मग वेगळे दिसण्यासाठी माणूस ओझ्याच्या वजनाकडे वळतो. आमच्याकडे ‘कसा आहेस’ या प्रश्नाचे उत्तर ‘या सेमिस्टरला सहा घेतलेत’ असे दिले जाते, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती आणि आदर एकदमच उमटतो. मला तो आदर हवा होता. हे लिहायला थोडे लाजिरवाणे आहे, पण ते गाळले तर बाकीचा हिशेब खोटा ठरेल.

नोकरी आणि पुढच्या शिक्षणाचा मुद्दा सगळेच काढतात, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. गणितात किंवा भाषाविज्ञानात संशोधनासाठी पुढे जायचे असेल तर प्रवेश देणारी समिती कोणते वरच्या पातळीचे कोर्स केले, त्यांत काय गुण मिळाले, काही संशोधन केले का आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या प्राध्यापकाला आपण खरोखर माहीत आहोत का, हे पाहते. या चारांपैकी शेवटच्या दोन गोष्टींना वेळ लागतो, आणि तो वेळ नेमका तिसरा मेजर खातो. जो विद्यार्थी दर सेमिस्टरला पाच-सहा वर्गांतून धापा टाकत जातो त्याला प्राध्यापकाच्या भेटीच्या तासाला नुसते बसून, गृहपाठाशी संबंध नसलेला प्रश्न विचारण्याची उसंत नसते. सॉफ्टवेअरच्या नोकरीबाबत चित्र वेगळे आहे, हे मान्य करते. तिथे ‘संगणकशास्त्र’ हा शब्द पहिल्या चाळणीत उपयोगी पडतो, आणि गणिताची पदवी घेऊन गेल्यावर आपले काम दाखवून ती चाळणी पार करावी लागते. ही किंमत खरी आहे, आणि ती मी मोजत आहे.

बाबांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांनी आधी शांतपणे ऐकले आणि मग विचारले, “पण एकदा नाव तर दे, नाही जमले तर नंतर काढून टाक. काढता येते ना?” काढता येते. बहुतेक ठिकाणी जास्तीचा मेजर शेवटच्या वर्षापर्यंत विनादंड सोडता येतो, आणि नाव दिलेले असले तर काही वर्गांत जागा मिळताना प्राधान्यही मिळते. त्यामुळे बाबांचा सल्ला कागदावर अगदी बिनतोड होता, आणि ज्यांना सोडणे सहज जमते त्यांनी तो जरूर मानावा. माझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा नाव दिले की पुढच्या सेमिस्टरला कॉम्प्युटर आर्किटेक्चर होईल, मग ‘आता एवढे केलेच आहे तर’ असे म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम, आणि चौथ्या वर्षी, सोडण्याचा विचार करण्याइतकाही वेळ नसताना, मी गटप्रकल्पाच्या बैठकीत बसलेली असेन. मी हे बाबांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “हे मात्र तू माझ्याकडूनच घेतले आहेस.”

मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, पर्यायही होता. आमच्याकडे संगणकशास्त्राच्या मायनरला सहा कोर्स लागतात, आणि केलेले चार, संगणनाचा सिद्धान्त आणि संगणकीय भाषाविज्ञान असे माझे सहा आपसूक भरतात. त्यासाठी एक साधा अर्ज द्यावा लागतो. तो मी देईन, पण त्यासाठी एकही कोर्स बदलणार नाही, हे आधीच ठरवून ठेवले आहे.

आता तक्ता पुन्हा केला आहे. गणित, भाषाविज्ञान आणि संगणकशास्त्रातले हवे असलेले कोर्स मिळून बरोबर ३२ होतात, म्हणजे दर सेमिस्टरला चार. अजूनही मोकळा चौकोन एकही नाही, हे लक्षात आल्यावर मी जरा खट्टू झाले. दोन मेजर म्हणजे निवांतपणा असे मी नकळत धरून चालले होते, आणि तसे काही नाही. एखाद्या सेमिस्टरला पाचवा कोर्स घेण्याची मुभा मात्र आहे, आणि तो कोणता घ्यायचा याची यादी न करण्याचा मी निश्चय केला आहे.

या सेमिस्टरला मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसू लागले. नोंदणी नाही, गृहपाठ नाही, नुसते ऐकायचे. आर्किटेक्चर झालेले नसल्याने अर्धे डोक्यावरून जाते. पण दोन प्रक्रिया एकमेकींची वाट पाहत कायमच्या अडकून पडतात तो भाग मला इतका आवडला की त्या रात्री मी गृहपाठाचा पहिला प्रश्न कुणी न सांगता सोडवून पाहिला. दुसऱ्या प्रश्नाला प्रोग्राम लिहायचा होता, आणि सोबत करणारा जोडीदार शोधायचा होता. तेवढ्यात अमूर्त बीजगणिताच्या गृहपाठाची आठवण झाली आणि मी वही मिटली. वर्गाला मात्र अजून जाते. परवा शेजारी बसलेल्या मुलाने विचारले की तुझा मेजर कोणता, आणि मी ‘गणित आणि भाषाविज्ञान’ म्हटल्यावर त्याने चमकून पाहिले आणि विचारले, “मग इथे काय करतेस?” तास सुरू होत होता, म्हणून त्याला उत्तर द्यायचे राहूनच गेले.